भोपाळ स्टेशनवरची दोन खाटांची खोली

आमच्या धम्मरत्नला मुलगी झाली, चैताली, ते साल १९९५. मुलगी ऑगस्टमध्ये झाली आणि ही गोष्ट त्याच वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीतली.

आम्ही सुरतेत नवागामला राहतो. मूळ गाव अमळनेर तालुक्यात. मी अठ्ठावीस वर्षं लूमच्या खात्यात कापड विणलं. कारखान्याला इथे खातं म्हणतात. बायको आनंदी घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायची. मला अक्षरं आली ती एक्कावन्नाव्या वर्षी, विहारात संध्याकाळचा साक्षरता वर्ग सुरू झाला तेव्हा. वर्गातल्या पुस्तकात कमळ होतं, बदक होतं. त्यात मला गोडी लागेना. मग मी स्टेशनवरून रेल्वेचं हिंदी टाइमटेबल विकत आणलं आणि तेच वाचायला लागलो. उधना, चलथान, बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार. ही सगळी गावं मी वीस वर्षं खिडकीतून पाहिली होती. आता ती कागदावर ओळखू यायला लागली. वाचता येत नाही तोवर माणूस गावाला जातो आणि परत येतो. वाचता आलं की मध्ये उतरावंसं वाटतं.

तर मी उतरायला लागलो. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या सुट्टीत आणि होळीला, मी आणि आनंदी फिरायला निघायचो. अजिंठा झालं, नाशिकची लेणी झाली, अहमदाबाद झालं, नागपूर झालं. कमी पैशात कसं फिरायचं ते मला चांगलं जमलं होतं. वस्तीतले लोक विचारायला येत आणि मी सांगत असे.

सुट्टी लागली की पहिले दोन दिवस निघू नये. त्या दोन दिवसांत अर्धी सुरत गावी जाते आणि डब्यात पाय ठेवायला जागा नसते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच गाडीत झोपून जाता येतं. तुकड्या-तुकड्यांनी तिकीट काढू नये. लांबचं एकच तिकीट स्वस्त पडतं, आणि मध्ये उतरायचं असेल तर स्टेशनमास्तरकडून तिकिटावर तसं लिहून घ्यायचं. गोल फिरून परत यायचं असेल तर गोल प्रवासाचं तिकीट मागायचं. खिडकीवरचा बाबू आधी नाही म्हणतो, आपण हटायचं नाही. माणशी एकच पिशवी, आणि ती स्वतःला उचलता आली पाहिजे. गावात उतरल्यावर स्टेशनच्या दारातली रिक्षा करू नये, दोनशे पावलं चालून मग करावी. अंघोळ स्टेशनच्या प्रतीक्षालयात. खायला दुधात मळलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, तीन दिवस काही होत नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे लॉजला एक पैसा द्यायचा नाही. आमची माणसं रेल्वेत आणि गिरण्यांत लागली, म्हणून ती सगळीकडे आहेत. भुसावळला आहेत, इटारसीला आहेत, रतलामला आहेत. माझ्याकडे एक वही होती. तिच्यात गावाप्रमाणे नातेवाइकांचे पत्ते होते. निघायच्या पंधरा दिवस आधी मी पंधरा पैशांचं पोस्टकार्ड टाकायचो, की अमुक दिवशी अमुक गाडीने येतो. स्वतःच्या हाताने लिहिलेली माझी पहिली पत्रं तीच.

शेजारचा धुडकू मला टेसनमास्तर म्हणायचा. "काय टेसनमास्तर, यंदा कोणाच्या गळ्यात पडताय?" असं ओट्यावरून ओरडायचा. मला राग यायचा नाही. उलट बरं वाटायचं.

त्या वर्षी मी मोठा बेत केला. सुरत, भुसावळ, इटारसी, भोपाळ, तिथून सांची, मग उज्जैन, रतलाम, बडोदा आणि परत सुरत. अकरा दिवस, आणि तिकीट गोल प्रवासाचं. रात्री मुक्कामाला सहा घरं ठरवली होती. संध्याकाळी जेवणं झाल्यावर मी आनंदीला सगळा बेत वाचून दाखवला. ती साडी मांडीवर घेऊन धागे कापत होती. (घरात आम्ही अहिराणी बोलतो, इथे सगळ्यांना कळेल असं लिहितो आहे.)

मी वाचून संपवलं. ती म्हणाली, "माले नही जानं."

"का? सांची पाहायची म्हणून तूच म्हणत होतीस ना?"

"चैताली लहान आहे. सुनेला मदत नको का?"

"सुनेची आई आली आहे, दोन महिने हलत नाही. खरं सांग."

तिने कात्री खाली ठेवली. "खरं सांगू? नाशिकची लेणी कशी आहेत?"

"कशी म्हणजे? आपण दोघं गेलो होतो की."

"तुम्ही गेला होता. मी तुमच्या नात्यातल्या कुसुमच्या घरी मांडे करत होते. आनंदीबाई आल्या, आता खापरावरचे मांडे झालेच पाहिजेत, म्हणे. सकाळी आठला खापर चढवलं ते दुपारी दोनला उतरवलं. एकवीस माणसं जेवली. तुम्ही लेणी बघून आलात आणि म्हणालात, काय सुंदर मूर्ती आहेत. मग पाटावर बसलात."

मला ते आठवत होतं. मांड्यांची चवही आठवत होती. आनंदीसारखे मांडे आमच्या नात्यात कोणालाच जमायचे नाहीत. पुरणाची पोळी दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत मोठी करायची आणि उलट्या ठेवलेल्या तापल्या खापरावर टाकायची, फाटू द्यायची नाही. लोक नुसतं पाहायलाही उभे राहायचे.

"अहमदाबादला पण तेच," ती म्हणाली. "नागपूरला त्या घरची सून बाळंत झालेली, म्हणून मीच पाच दिवस भांडी घासली. तुम्ही चार गावं बघितली. मी चार मोऱ्या बघितल्या. आणि जायच्या आधी दशम्या कोण थापतं? तुमच्या टाइमटेबलात आहे का ते?"

"मग पाहुणे म्हणून गेल्यावर हात लावायला नको का? लोक काय म्हणतील?"

"तेच म्हणते. पाहुणी म्हणून गेलं की हात लावावाच लागतो. म्हणून मला पाहुणी व्हायचं नाही. एकदा, एकदाच, मला असं कुठंतरी न्या की तिथं मी कोणाची कोणी नाही. मी नुसती बसेन. ते जमत नसेल तर तुम्ही एकटे जाऊन या, मी आनंदाने डबा बांधून देते."

मी म्हणालो, "म्हणजे लॉज."

"मला नाव माहीत नाही. कोणाचं घर नको."

मी चिडलो. पैशाचं तर होतंच, पण नुसतं पैशाचं नव्हतं. माझा बाप सांगायचा, परगावी आपल्या माणसाचं दार माहीत असल्याशिवाय पाऊल टाकू नये. त्याच्या काळी त्याला दुसरं कोणतं दार उघडतच नव्हतं. तो एकदा चोपड्याच्या बाजाराला गेला आणि रात्रभर पावसात झाडाखाली उभा राहिला, कारण तिथं आमचं कोणी नव्हतं. ते ऐकत मी मोठा झालो. वहीत पत्ते गोळा करायची सवय मला तिथून लागली असावी. हे मी आनंदीला बोलून दाखवलं.

ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या बापाला जाऊन तीस वर्षं झाली. आता पैसे दिले की दार उघडतं. तुम्ही ठोकून तर बघा."

चार दिवस मी बेताचं नाव काढलं नाही. ती धागे कापत राहिली. पाचव्या दिवशी खात्यातून आल्यावर मी टाइमटेबल उघडलं आणि शेवटची पानं वाचायला घेतली. ती मी कधीच वाचली नव्हती. गाड्या संपल्या की पुस्तक संपलं, असं मला वाटायचं. तिथे बारीक अक्षरांत नियम होते, आणि एक यादी होती. कोणकोणत्या स्टेशनवर विश्रामालय आहे त्याची. म्हणजे रिटायरिंग रूम. मला एक-एक अक्षर लावून ते वाचायला अर्धा तास लागला. त्यात भोपाळ होतं, उज्जैन होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सुरत स्टेशनला गेलो आणि चौकशीच्या खिडकीवर विचारलं. आतला माणूस गुजराती होता, बरा होता. म्हणाला, "काका, लांबचं तिकीट असलं की कोणालाही मिळते. स्टेशनातच खोली. खाट, पंखा, संडास-बाथरूम. सकाळी लवकर पोहोचायचं, आदल्या रात्रीचे लोक सोडतात तेव्हा."

"कोणालाही?" मी पुन्हा विचारलं.

"तिकीट पाहिजे," तो म्हणाला. "बाकी काही विचारत नाहीत."

घरी येऊन मी नवा बेत मांडला. अकरा दिवसांचे सहा केले. भुसावळ, इटारसी, रतलामला थांबायचंच नाही, त्या रात्री गाडीतच काढायच्या. भोपाळला दोन रात्री, उज्जैनला एक. खर्च किती वाढतो ते पाहिलं आणि मला हसू आलं. सुरतेहून माणूस आला म्हटल्यावर प्रत्येक घरी साडीची वाट पाहतात. सहा घरांच्या सहा साड्या, पोरांना खाऊ, निघताना लेकरांच्या हातावर पाच-दहा रुपये. ते मी आजवर प्रवासखर्चात धरतच नव्हतो. ते सगळं वजा केलं तर खोलीचं भाडं निघून वर थोडे उरत होते. स्वस्त प्रवासाचा सल्ला सगळ्या वस्तीला देणाऱ्याला हे कळायला चार वर्षं लागली.

आनंदीला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "दशम्या?"

"वाटेत विकत घेऊन खाऊ."

तेव्हा ती हसली.

एकच अडचण राहिली. भोपाळला माझा मावसभाऊ भटू राहायचा. रेल्वेत पार्सल ऑफिसला होता, त्याच स्टेशनात. त्याचं क्वार्टर दहा मिनिटांवर. त्याला कळलं की आपण येऊन स्टेशनावर राहिलो, तर तो जन्मभर बोलणार नाही. आणि सांगितलं तर घरी नेल्याशिवाय राहणार नाही. मी पोस्टकार्ड टाकलं नाही. पार्सल ऑफिस एका बाजूला असेल, आपण दुसऱ्या बाजूने ये-जा करू, असं मनाशी ठरवलं.

आम्ही दिवाळीनंतर चौथ्या दिवशी निघालो. डबा निम्मा रिकामा होता. भुसावळला गाडी बदलली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला भोपाळला उतरलो. मी आनंदीला बाकावर बसवलं आणि तिकीट हातात धरून खोलीची चौकशी करायला गेलो. खिडकीपुढे जायच्या आधी दोनदा शर्ट सारखा केला, खोटं कशाला सांगू. बाबूने तिकीट पाहिलं, रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, सही करा म्हणाला. मी सही केली. त्याने किल्ली दिली. बस, एवढंच.

खोली वरच्या मजल्यावर होती. दोन लोखंडी खाटा, पांढऱ्या चादरी, पंखा, आरसा, एक टेबल आणि खिडकीतून खाली रूळ. आनंदीने आधी चादर उलटून पाहिली. मग बाथरूममधला नळ सोडून पाहिला. मग ती खाटेच्या कडेला बसली, अशी बसली की कोणी येऊन ऊठ म्हणेल. थोड्या वेळाने खालचा पोऱ्या चहा घेऊन आला. ती सवयीने कप विसळायला उठली. तो म्हणाला, "माताजी, रहने दीजिए, हम ले जाएँगे." ती परत बसली. मग तिने पाय वर घेतले आणि चहा प्यायली.

त्या दिवशी आम्ही मोठा तलाव पाहिला. सकाळी पोहे-जिलेबी, दुपारी एका खानावळीत जेवण. भाजीत मीठ जास्त होतं. आनंदी म्हणाली, "जास्त आहे, पण दुसऱ्याने टाकलं आहे." दुसऱ्या दिवशी बसने सांचीला गेलो. माझं भराभर सगळं पाहून झालं. ती एकेका तोरणासमोर उभी राहायची. किती हत्ती आहेत ते मोजायची, चुकली की पुन्हा पहिल्यापासून. मग एका झाडाखाली दोन तास बसली. मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, "काही नाही." मला वाटतं तिच्या आयुष्यात तिने हे उत्तर पहिल्यांदा दिलं असेल.

संध्याकाळी पाचला परत स्टेशनात आलो. जिन्याशी पोहोचलो तोच मागून हाक आली.

"पोपटदादा?"

भटू होता. हातात पार्सलचे कागद. त्याने आमच्याकडे पाहिलं, रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग माझ्या बोटात लटकलेल्या किल्लीकडे पाहिलं. किल्लीला पितळी बिल्ला होता, त्यावर खोलीचा नंबर.

"दादा, हे काय? मी मेलो का?"

"अरे भटू..."

"माझं घर दहा मिनिटांवर, आणि माझा भाऊ मुसाफिरांसारखा स्टेशनावर राहतो! ऑफिसातले लोक काय म्हणतील? मंदाला मी काय तोंड दाखवू? वहिनी, तुम्ही तरी बोला. आमचं काही चुकलं का? मागच्या लग्नात मानपान राहिला का?"

माझ्याजवळ एक खोटं तयार होतं. गाडी उशिरा आली, तुम्हाला रात्री कशाला उठवायचं, आता येणारच होतो. ते जिभेवर आलं होतं. आणि तेवढं बोललो असतो की झालं असतं, भटूने वर जाऊन पिशव्या उचलल्या असत्या आणि आनंदी त्याच्या मागे चालायला लागली असती. ती माझ्याकडे पाहत होती. रागाने नाही. आता हा काय म्हणतो, एवढंच.

मी म्हणालो, "भटू, तुमचं काही चुकलं नाही. तुझ्या घरी आलो की हिला चुलीपुढे बसावं लागतं. यावेळी ही नुसती बसायला आली आहे."

"चुलीपुढे?" भटू ओरडला. "आमच्याकडे गॅस आहे!"

आनंदीला हसू फुटलं. तोंडाला पदर लावून हसली, पण आवाज येतच होता. भटूला ते आणखीच लागलं. "हसा, हसा," म्हणाला, आणि कागद काखेत मारून निघून गेला.

वर खोलीत येऊन मी खाटेवर बसलो. "तुटलं," मी म्हणालो. "मावशीचा एकुलता एक मुलगा."

"तुम्ही खरं बोललात," आनंदी म्हणाली. मग म्हणाली, "नाशिकला बोलला असतात तर लेणी बघितली असती मी." आणि केस सोडून आरशासमोर विंचरत बसली.

तासाभराने दार वाजलं. भटू होता. हातात चार कप्प्यांचा डबा, आणि मागे त्याची बायको मंदा, डोक्यावर पदर पुढे ओढून. मी तिचा जेठ, थोरला दीर, म्हणून ती माझ्यासमोर बसायची नाही. भटू घुश्शातच म्हणाला, "घरी येत नाही तर घर इथं आणलं. चूल नाही आणली, गॅस पण नाही आणला. आता तरी जेवाल का?"

डबा टेबलावर ठेवला. भरीत होतं, कळण्याच्या भाकरी होत्या. आनंदी वाढायला उठली तर मंदा म्हणाली, "बसा अक्का, आज मी वाढते." आम्ही खाटेवर बसून जेवलो. मंदा उभ्यानेच खोली पाहत होती. खाटेजवळचं बटण दाबून दिवा लावला, बंद केला. बाथरूममध्ये डोकावली.

"अक्का, हे सगळं तुमच्या एकटीचं?"

"उद्या सकाळपर्यंत."

"झाडायला कोण येतं?"

"त्यांचा माणूस येतो."

मंदाने माझ्याकडे पाहून पदर सारखा केला. मला कळलं. मी भटूला म्हणालो, चल, खाली चहा पिऊ. आम्ही जिना उतरायच्या आत खाटेचा कर्र आवाज आला. बसली असणार.

चहा पिऊन आम्ही फलाटावर, त्या खिडकीच्या खालीच, बाकावर बसलो. भटू अजून गाल फुगवून होता. दोन मालगाड्या गेल्या. वरून हसण्याचे आवाज येत होते, दोघींचे. भटूने मान वर करून पाहिलं.

"ही मंदा हसते आहे?"

"हो, दुसरी आनंदी आहे."

"चोवीस वर्षं झाली लग्नाला," तो म्हणाला. "एवढा आवाज आहे तिला, मला माहीत नव्हतं."

थोड्या वेळाने तो वर जाऊन आला. एकटाच परत आला. "चल म्हणालो तर म्हणते, तुम्ही व्हा पुढे, पोरं मोठी आहेत, वाढून घेतील. अक्काशी बोलते आहे. मला माझ्याच स्टेशनात हाकलून दिलं, दादा."

"मग बस ना भो."

तो बसला. विडी काढली, मला दिली, स्वतः पेटवली. मग खालच्या आवाजात, कोणी ऐकू नये असं म्हणाला, "मला रेल्वेचा पास आहे. त्याच्यावर ही खोली मिळते का रे? इथं नको, दुसऱ्या कुठल्या तरी गावी. आपलं कोणी नाही अशा."

मी पिशवीतून टाइमटेबल काढलं आणि फलाटाच्या दिव्याखाली शेवटची पानं त्याच्यासमोर धरली. भटू रेल्वेत बावीस वर्षं होता, पण ती यादी त्यानेही वाचली नव्हती. आम्ही दोघांनी बोट ठेवत ती पहिल्यापासून वाचली. पासवर मिळते की नाही ते तिथे नव्हतं, तो म्हणाला उद्या साहेबांना विचारतो. जबलपूरवर तो थांबला. "इथं आपलं कोण आहे?" मी वही काढून पाहिली. कोणी नव्हतं. "बरं झालं," भटू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आम्हाला उज्जैनच्या गाडीत बसवून द्यायला आला. घरी आला नाहीत ते मी विसरणार नाही, असं त्याने दोनदा बजावलं. मंदा आली नव्हती, पण तिने आनंदीसाठी निरोप पाठवला होता की जबलपूरचं पक्कं झालं की कळवते.

त्यानंतर तीन वर्षं आम्ही असेच फिरलो. सहा गावं पाहिली, तीही दोघांनी. नातेवाइकांकडे आम्ही दुपारच्या चहाला जायचो, तासभर बसून परत यायचो. थोडे दिवस लोक नावं ठेवत होते. मग त्यांच्यातलेच दोघे-तिघे माझ्याकडे यादी मागायला आले. आनंदी घरी मांडे करायची, तिला वाटेल त्या दिवशी, आणि सगळ्या गल्लीला वाटायची.

आनंदी पोपट बिऱ्हाडे ११ फेब्रुवारी १९९९ रोजी, गुरुवारी पहाटे, नवागामच्या घरी वारली. तिचं वय चोपन्न होतं.